अण्णांनी कॉलेज धुऊन पाहिलं

कानडी मुलखात, शहरातल्या जुन्या चिकपेठेत आमचं कापडाचं दुकान होतं. तिथं एक रीत होती, ती अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्याही आधीपासूनची. गिऱ्हाईकाला कापड आवडलं आणि तरी मन होईना, तर त्याला वीतभर तुकडा कापून द्यायचा. तो त्यानं घरी नेऊन धुवावा, वाळवावा, पुन्हा धुवावा, आणि मग यावं. कारण कोऱ्या कापडावर खळ असते. खळ असेपर्यंत सगळंच कापड ताठ आणि तुकतुकीत. खरं कापड दिसतं ते पहिल्या धुण्यानंतर. रंग जाणारं असेल तर जातं, आटणारं असेल तर आटतं.

दुकानातली रीत दुकानात राहिली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण अण्णा जगातली प्रत्येक वस्तू धुऊन बघत. जयनगरात नव्यानं घरं होत होती तेव्हा आमचं घर घेण्यापूर्वी ते पावसात छत्री घेऊन दोनदा तिथं जाऊन उभे राहिले होते. आईला बघायला गेले तेव्हाही म्हणे पोहे खाऊन घरी आले आणि आठ दिवसांनी काही निमित्त काढून पुन्हा गेले. त्या दिवशी आई अंगणात भांडत होती, शेजारणीशी, कानडीतून. "तेव्हा कळलं, रंग पक्का आहे," असं अण्णा सांगत, आणि आई त्यांच्याकडे बघून नाक मुरडी.

मी पी.यू.सी., म्हणजे डिग्रीच्या आधीचं वर्ष, पास झाले ते साठच्या दशकाच्या सुरुवातीला. मला कॉमर्स घ्यायचं होतं. हौस म्हणा, हट्ट म्हणा. मला लहानपणापासून बाजार आवडायचा. सुताचे भाव का चढतात, मद्रासचा व्यापारी आज गोड का बोलतोय, ह्यात मला जेवढा रस होता तेवढा कशातच नव्हता. घरात कुणी उघड विरोध केला नाही. फक्त माझी मावशी मुलींच्या कॉलेजात होम सायन्स शिकवायची आणि तिनं माझ्यासाठी तिथं एक जागा धरून ठेवली होती. "पोरांच्या गर्दीत बसून व्यापार शिकण्यापेक्षा हे बरं. कॉमर्सचं जमलं तर जमलं, नाही तर इथं ये," असं तिनं सांगून ठेवलं होतं, आणि ते जमणार नाही ह्याची तिला पक्की खात्री होती.

आई म्हणाली, "भात शिजवायला तीन वर्षं? मी फुकट शिकवते." आई माझ्या बाजूची होती, पण निर्णय अण्णांचा. अण्णा म्हणाले, "कॉमर्स सरी, ठीक आहे. पण कॉलेज चांगलं पाहिजे."

आमच्या ओळखीतले लोक कॉलेज कसं निवडत? शेजारच्यांनी मुलाला जिथं घातलं तिथं घालायचं. किंवा जिथं बस सरळ जाते तिथं. एका नातेवाइकांनी तर मुलाला एका कॉलेजात घातलं कारण समोरच्या हॉटेलात डोसा चांगला मिळतो. ह्या सगळ्यांना अण्णा हसत. मग एका सकाळी त्यांनी बंद गळ्याचा कोट घातला, मला म्हणाले, "चल पोरी, बघून येऊया," आणि आम्ही दंडूकडे निघालो. कंटोन्मेंटला आमच्यातली जुनी माणसं दंडूच म्हणत.

पहिलं कॉलेज बघून मी तिथंच पाघळले. दगडी इमारत, लाल कौलं, आवारात गुलमोहर, आणि जिन्याचा कठडा असा गुळगुळीत की हात ठेवला की घसरतच जावा. प्रिन्सिपॉलनी आम्हांला खुर्च्या दिल्या. कॉमर्सच्या प्राध्यापकांनी येऊन असं इंग्रजी बोलून दाखवलं की मला त्यातलं निम्मंच कळलं, आणि जे कळलं नाही तेच जास्त आवडलं. बाहेर येताना मी म्हटलं, "अण्णा, हेच."

"खळ चांगली आहे," अण्णा म्हणाले. "धुऊन बघूया."

पुढल्याच आठवड्यात आम्ही न सांगता पुन्हा गेलो. कॉमर्सच्या वर्गात फळा कोरा होता. दोन मुलं बाकावर पाय पसरून शेंगा खात होती. अण्णांनी कानडीत विचारलं, सर कुठं आहेत? मुलं म्हणाली, सर क्रिकेटची मॅच बघायला गेलेत, काल पण गेले होते, उद्या पण जातील, पाच दिवसांची मॅच आहे. अण्णांनी मुलांचे आभार मानले, त्यांनी पुढं केलेल्या दोन शेंगा घेतल्या आणि जिना उतरायला लागले. मी कठड्याला धरून उभी राहिले. मला गुलमोहर सोडवेना. खाली उतरेपर्यंत मी रडत होते आणि अण्णा शेंगा सोलत होते. अजूनही मला वाटतं, माणसानं एखाद्या वेळी नुसतं रूप बघून हो म्हणायला काय हरकत आहे!

दुसरं कॉलेज पेठेजवळच, एका गल्लीत होतं. कॉलेज कसलं, एक जुना बंगला. मागं पत्र्याची शेड टाकून वर्ग वाढवलेले. शेजारी कॉफीच्या बिया भाजायचं दुकान होतं आणि सगळ्या आवारात तो खमंग वास भरलेला असायचा. झाड एकच, तेही कडुलिंबाचं. मी मनात म्हटलं, इथं तर खळसुद्धा नाही.

प्रिन्सिपॉल म्हातारे, मिस्कील. अण्णांनी त्यांना कापडाची रीत समजावून सांगितली आणि विचारलं की नमुना म्हणून एक तास वर्गात बसता येईल का. प्रिन्सिपॉल इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाले, "बसा यजमान्रे, बसा मालक. पहिल्या वर्षाचे तास सुरू झालेत. बाहेरगावची मुलं उशिरा येतात, म्हणून प्रवेश अजून महिनाभर उघडे आहेत. निवड होईपर्यंत पालकांनी बघायला माझी ना नाही. एकदा मुलीचं नाव घातलं की मग मात्र वर्गात फक्त मुलगी."

अण्णांनी मान डोलावली. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि ते शेवटच्या रांगेत जाऊन बसले. शिकवायला आले ते सर धोतर-कोटातले, डोक्याला म्हैसुरी फेटा, आवाज इतका बारीक की मला बाहेर काहीच ऐकू येईना. तास संपला. मुलं भराभर बाहेर आली. सगळ्यांत शेवटी अण्णा.

"कसं आहे?" मी विचारलं.

"पुन्हा यायला हवं," अण्णा म्हणाले.

ते पुन्हा गेले. मी बाहेर बसले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मला म्हणाले, "तू कशाला उन्हात येतेस? मी बघून येतो." त्यानंतर मी घरी आणि अण्णा वर्गात, असं सुरू झालं. सकाळी कोट चढवून ते जयनगरहून बसनं निघत, दुकान उघडून देत, नोकराला गिऱ्हाईक सांभाळायला सांगत आणि तासाला जात. मी घरी तांदूळ निवडत बसे. ज्याला शिकायचंय तो घरी आणि ज्याला नमुना बघायचाय तो बाकावर, हे मला कसं सोसावं?

आणि घरात काय काय व्हायला लागलं! एक दिवस अण्णा जेवताना एकदम थांबले आणि कपाटाकडे बघत राहिले. आईनं विचारलं, झुरळ आहे का? अण्णा म्हणाले, "ह्या कपाटाची किंमत दर वर्षी कमी होते, माहीत आहे? न वापरता सुद्धा. ती कमी झालेली किंमत खर्चात धरायची असते. ह्याला घसारा म्हणतात." त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक वस्तूला घसारा लागला. आईचं शिवणयंत्र, झोपाळ्याच्या कड्या, माझ्या चपला. शेवटी जिना चढताना ते स्वतःचे गुडघे चोळून म्हणाले, "ह्यांना पण."

"तुमच्या डोक्याला लागलाय तो," आई म्हणाली.

पुढल्या आठवड्यात ते हवेत तरंगतच घरी आले. सरांनी त्या दिवशी गुडविल शिकवलं होतं. दुकानाचं नाव चांगलं असेल, गिऱ्हाईक विश्वासानं येत असेल, तर त्या नावालाही किंमत असते, आणि ती किंमत मालमत्तेत दाखवता येते! अण्णांना हे खरंच वाटेना. "दिसत नाही, हाताला लागत नाही, तरी आहे म्हणतात. पुस्तकात छापलंय!" ते दोनदा म्हणाले. त्यांना वाटत होतं की गुडविल रोज वाढवून लिहिता येतं, सकाळी एक गिऱ्हाईक हसून गेलं की थोडं वाढवायचं. सरांनी तसं नाही म्हणून सांगितलं, तर अण्णांना त्याचाही आनंद झाला. चुकल्यावर इतकं खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हे सगळं ऐकून आई एकदा म्हणालीच, "शितावरून भाताची परीक्षा करतात. तुम्ही तर पातेलंच संपवायला बसलात."

अण्णा हसले आणि कोट चढवून निघाले.

महिना सरत आला. मावशीनं निरोप पाठवला की माझी जागा तिनं उद्यापर्यंत अडवली आहे, मग तिला सोडावी लागेल. आणि त्या गल्लीतल्या कॉलेजचे प्रवेशही उद्याच बंद होणार होते. मी अण्णांना सकाळी विचारलं, "आज ठरवणार ना?" ते म्हणाले, "बघतो की. आजचा तास महत्त्वाचा आहे." आणि गेले.

मी राग गिळणाऱ्यांतली कधीच नव्हते. आईला म्हटलं, जाऊन येते. आईनं कुठं म्हणून विचारलंसुद्धा नाही, बसचे पैसे काढून हातावर ठेवले. बसमध्ये मी अख्खं भाषण तयार केलं. तुम्हांला मला शिकवायचंच नाहीये, सरळ तसं सांगा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय, असं काय काय. कॉफीच्या वासातून तरातरा चालत मी शेडपाशी पोचले आणि खिडकीशी उभी राहिले.

सर फळ्यावर काहीतरी मांडत होते. मांडून झाल्यावर वळून म्हणाले, "यजमान्रे, तुम्ही सांगा." शेवटच्या बाकावरून अण्णा उठले. चिकपेठेत ज्यांच्या समोर दलाल लोक मान खाली घालून बोलत, ते माझे अण्णा, शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात बाकावर टेकून उभे होते. त्यांनी उत्तर दिलं. ते चुकलं असावं, कारण मुलं हसली. सरही हसले आणि म्हणाले, "जवळ आलात, पण उलट्या बाजूला मांडलंत." अण्णांनी कपाळावर हात मारला, फळ्याकडे बघितलं, ओठांत काहीतरी पुटपुटले, आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "सरी सरी! कळलं!" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की पुढची मुलं वळून बघायला लागली.

मी अण्णांना खूप गोष्टींनी खूश होताना पाहिलं होतं. चांगला माल आला की, मुलं-बाळं जमली की, जेवणात मेथीचं पिठलं असलं की. पण हा चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. माझा राग गेला नाही. पण बसमध्ये तयार केलेल्या भाषणातलं एकही वाक्य मला आठवेना.

तास संपल्यावर ते बाहेर आले आणि मला बघून दचकले. कडुलिंबाखाली कट्टा होता, तिथं आम्ही बसलो.

"कापड कसं आहे?" मी विचारलं.

"चांगलं आहे."

"कधी कळलं?"

अण्णा म्हणाले, "पहिल्याच दिवशी."

"मग?"

त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. "माझे वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो. पाटी घरी ठेवून दुकानात बसलो ते बसलोच. दुकानाचं मला वाईट वाटलं नाही कधी, खोटं कशाला सांगू? पण इथं बसल्यावर..." त्यांनी शेडकडे बघितलं. "प्रिन्सिपॉल काय म्हणाले आठवतंय ना? तुझं नाव घातलं की मला बसता येणार नाही. म्हटलं, अजून एक दिवस बसतो. मग अजून एक. आज भागीदारांचे नफ्यातले वाटे सुरू केलेत सरांनी. उद्या उरलेलं आहे."

मला गलबलून आलं. ह्या माणसाशी भांडायला मी आले होते, आणि त्यानं तर मागितलं काय, एक तास! मनात आलं, म्हणावं, बसा तुम्ही, मी जाते भात शिजवायला. मी तसं म्हणाले असते तर त्यांनी ऐकलं नसतं हे मला माहीत आहे, पण माझी जीभ उचललीच नाही, कारण मलाही ते हवं होतं, तेवढंच हवं होतं. आम्ही दोघं एकाच बाकासाठी कट्ट्यावर बसलो होतो. मी त्यांचा हात धरला. आमच्याकडे सोळा-सतरा वर्षांची मुलगी वडिलांचा हात असा चारचौघांत धरत नसे.

"तुम्ही काय शिकलात आज?" मी विचारलं.

"तू शीक आणि मला सांग," असं म्हणून ते उठले. त्यांनी धोतराची धूळ झटकली आणि आता थांबले तर पाय निघणार नाही अशा चालीनं ऑफिसकडे गेले. मी मागं धावले. प्रिन्सिपॉलनी आम्हांला बघितलं, कारकुनाला हाक मारली, आणि अण्णांना म्हणाले, "रंग गेला नाही ना यजमान्रे?"

"नाही सार. पक्का आहे," अण्णा म्हणाले, आणि सही करताना त्यांचा हात अजिबात थांबला नाही.

बाहेर पडल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. अण्णा नेहमी बाय टू मागवत, म्हणजे एका कॉफीचे दोन पेले. त्या दिवशी त्यांनी दोन अख्ख्या मागवल्या आणि वर खारा भात, म्हणजे आपला तिखट सांजा. मावशीनं धरलेली जागा दुसऱ्या कुणा मुलीला मिळाली. ती पुढे उत्तम स्वयंपाक करत असेल अशी मी आशा करते.

मग माझं कॉलेज सुरू झालं. वर्गात आम्ही तीनच मुली, पहिल्या बाकावर, आणि मागं पोरांचा समुद्र. बारीक आवाजाच्या सरांचं शिकवणं असं की अवघड गोष्ट ते आधी कानडीत घरगुती करून सांगत आणि मग तिला इंग्रजी कोट चढवत. अण्णांची निवड चुकली नव्हती. पण माझा खरा तास चार वाजता असे. त्या वेळी बाजार ढिला पडतो. कॉलेजातून मी सरळ दुकानात जाई, अण्णा गादीवरची जागा मोकळी करून ठेवत, नोकर कॉफी आणी, आणि त्या दिवशी सरांनी जे शिकवलं असेल ते मी अण्णांना शिकवी.

विद्यार्थी म्हणून अण्णा भयंकर होते. प्रत्येक गोष्टीला "का?" विचारत. मी जे कळलं नाही ते झाकून पुढं जायला लागले की त्यांना बरोब्बर कळे. "इथं खळ लावतेयस तू," ते म्हणत, आणि मला दुसऱ्या दिवशी सरांना गाठून विचारावं लागे. वर्गातली मुलं मला हुशार समजत. हुशार कसली! चार वाजता उभं राहायचं असे, म्हणून सकाळी कान उघडे ठेवावे लागत, एवढंच. कधी एखादं गिऱ्हाईक मधेच आलं तर अण्णा म्हणत, "स्वल्प बसा, हे संपू दे," आणि गिऱ्हाईकही बसे, ऐके. एकदा लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या एका आजोबांनी भागीदारी मोडण्याचे नियम शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि जाताना मला आशीर्वाद दिला.

आम्ही भांडलोही खूप. आयकरावरून तर दोन दिवस अबोला होता. पण अबोल्यातही चार वाजता मी जायची आणि ते जागा करून ठेवायचे. आमच्या घरात प्रेम असं म्हणून कुणी दाखवत नसे. मला विचाराल तर ते त्या गादीवरच्या रिकाम्या जागेत होतं.

तीन वर्षं कशी गेली कळलं नाही. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मैत्रिणी आइस्क्रीम खायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, मागून येते. दुकानात पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. जागा मोकळी होती, कॉफी आलेली होती.

"कसा गेला?" अण्णांनी विचारलं.

"चांगला. सगळं आलं."

"म्हणजे शिकवायचं काही राहिलं नाही?"

"नाही अण्णा. संपलं सगळं."

"सरी," ते म्हणाले. त्यांनी समोर उलगडलेला तागा गुंडाळला, नीट झाला नाही म्हणून उलगडला, पुन्हा गुंडाळला. मी कॉफी प्यायले. रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिची चाकं कुरकुरत लांब गेली. मी पेला खाली ठेवला आणि उठायच्या बेतात होते.

तेवढ्यात अण्णा ताग्याकडेच बघत, अगदी सहज विचारावं तसं म्हणाले, "ते एम.कॉम. असतं ना गं, ते कुठं चांगलं असतं?"

मी म्हटलं, "बघून यावं लागेल."

अण्णांनी नोकराला दुकान सांभाळायला सांगितलं आणि खुंटीवरचा कोट काढला.